आवाज फुटण्याच्या वयात

फेब्रुवारी २००९ मध्ये झी मराठीवरील ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ची अंतिम फेरी झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, कोकणातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच मुले तोवर घरातल्याच लेकरांसारखी झाली होती. पल्लवी जोशी त्यांच्याशी बोलत, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत त्यांचे गाणे पारखत, आणि एरवी मुलांना ‘टीव्ही बंद कर’ म्हणणारी आजी त्या दोन संध्याकाळी स्वतःच टीव्ही लावायला सांगे. विजेतेपद कार्तिकीला मिळाले. ‘पंचरत्न’ हे नाव मात्र पाचांनाही चिकटले आणि त्याच नावाने त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली.

त्या पाचांतील रोहित धाराशिवकरांना परका वाटण्याचे कारण नव्हते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा वेगळा जिल्हा झाला; त्यापूर्वी तो उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. सरकारी नकाशावर रेघ पडली तरी सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखान्यांच्या वाऱ्या पूर्वीसारख्याच राहिल्या. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या मुलुखात मुलाने शिकून नोकरी धरावी, ही आईबापांची पहिली इच्छा असते, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. ‘लातूर पॅटर्न’ने तर सारा महाराष्ट्र गुणांच्या टक्क्यांसाठी लातूरकडे पाहू लागला होता. अशा गावातून एक किशोरवयीन मुलगा उडत्या चालीची, पाश्चात्य वळणाची गाणी घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या घरच्यांनी काय पणाला लावले असेल, हे ज्यांच्या घरात दहावीचे वर्ष आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

या वयात गाणाऱ्या मुलापुढे एक संकट असते, आणि त्याला कोणत्याही स्पर्धेचे नियम ठाऊक नसतात. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान मुलाचे स्वरयंत्र वेगाने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काल काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा पाहता पाहता काळी एकवर येऊन थांबतो. मधल्या काळात तर कोणता स्वर लागेल आणि कोणता फाटेल, याचा त्याला स्वतःलाच भरवसा नसतो. मुलींचा आवाजही या वयात थोडा उतरतो, पण इतका धक्का देत नाही. जाणते गुरू या दिवसांत पट्टी उतरवतात, रियाज हलका करतात, ओरडून गाण्यास मनाई करतात. टाळ्यांची सवय झालेल्या मुलाला ही मनाई शिक्षेसारखी वाटते. कित्येक बालगायक याच वळणावर गाणे सोडतात, आणि त्याबद्दल कोठे बातमीही येत नाही.

रोहितने गाणे सोडले नाही. मोठेपणी तो पुन्हा स्पर्धेच्याच रांगेत जाऊन उभा राहिला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला. दोन अंतिम फेऱ्यांच्या मधली अकरा वर्षे ही त्याच्या सुरुवातीच्या वाटचालीतली खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. लहानपणी साऱ्या महाराष्ट्राने ज्याचे कौतुक केले, त्याने तरुणपणी नवख्यांबरोबर पुन्हा चाचणी द्यायची, यासाठी अभिमान बराच गिळावा लागतो.

तथापि या स्पर्धांची एक उणीव तेव्हाही होती आणि आजही आहे. मुलांनी दुसऱ्यांची गाणी गायची आणि मूळ गायकाच्या किती जवळ गेले यावर गुण मिळवायचे, असाच बहुतेकदा प्रघात. ‘तू स्वतः काही रचले आहेस का?’ असे त्यांना क्वचितच विचारले जाते. वास्तविक स्वतः शब्द रचून, स्वतः चाल लावून, स्वतः गाणारी माणसे मराठीला नवी नाहीत. जात्यावर ओवी म्हणणारी प्रत्येक बाई तेच करीत होती. तुळजापूरच्या वाटेवर आराधी मंडळी देवीची गाणी म्हणतात, संबळाच्या ठेक्यावर गोंधळी आख्यान लावतात, त्यातही ऐन वेळी नवे कडवे जोडणारा एखादा असतोच. आणि परंपरेनुसार मुक्ताबाईंचा जन्म १२७९ चा, समाधी १२९७ ची. म्हणजे त्यांची सारी रचना अठराव्या वर्षाच्या आतली आहे. ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत घालणारे अभंग एका किशोरवयीन मुलीचे आहेत, हे वाचताना ध्यानातही येत नाही.

याच मुक्ताबाईंनी तेरच्या गोरोबाकाकांना त्यांच्या हातातील थापटण्याविषयी विचारल्याची कथा धाराशिव जिल्ह्यात लहान मुलांनाही पाठ असते. मडके कच्चे की पक्के हे या थापटण्याने कळते, असे काका म्हणाले. तर मग आम्हां सर्वांची परीक्षा करा, असा मुक्ताबाईंनी आग्रह धरला. एकेकाच्या डोक्यावर थापटणे पडले. सारे शांत राहिले, नामदेवांना मात्र राग आला, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल लागला. चिडलेले नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. एवढ्या मोठ्या माणसाला चारचौघांत कच्चे ठरवले, आणि निकाल देणारे काका स्वतः रोज माती तुडवणारे होते. आजच्या परीक्षकांच्या खुर्च्या फिरतात, दिवे लागतात. थापटण्याचे काम मात्र तितक्या निगुतीने होतेच असे नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटू लागले आहे. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये घरोघरी वाजले. ते लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच. मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहता गाणे थेट श्रोत्यांपर्यंत नेता येते, हे खेड्यापाड्यांतील मुलांनी त्यावरून जोखले. आज बँजो पार्टीच्या वादकाचा मुलगाही घरच्या मोबाइलवर चाल ध्वनिमुद्रित करून ठेवतो. त्या चालींतील बऱ्याचशा सामान्य असणार, हे उघड आहे. पंधराव्या वर्षी सामान्य चाल बांधणे हा गुन्हा नव्हे.

सुरुवात सोपी झाली, तसा कागदावर सही करण्याचा प्रसंगही लवकर येऊ लागला. याबाबत अमेरिकेच्या टेलर स्विफ्टची हकीकत प्रत्येक गाणाऱ्या मुलाच्या पालकांनी वाचावी अशी आहे. ती चौदा वर्षांची असताना तिचे कुटुंब तिच्या गाण्यासाठी नॅशव्हिल शहराजवळ राहावयास आले. पुढे तिने एका नव्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिचा पहिला अल्बम निघाला. त्यातील प्रत्येक गाण्याच्या लेखनात तिचा हात होता. पण करारानुसार मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडे गेली. २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ मुद्रणे तिला नको असलेल्या हातांत पडली. शब्द आणि चाल यांवर लेखिका म्हणून तिचा हक्क शाबूत होता, म्हणून तिने जुनी गाणी पुन्हा गाऊन नव्याने मुद्रित केली आणि २०२१ पासून ती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अखेर मे २०२५ मध्ये तिने ती मूळ मुद्रणेही विकत घेतल्याचे जाहीर केले. किशोरवयातील एका सहीचा पाठपुरावा असा पस्तिशीपर्यंत चालला, आणि तोही जगातील अत्यंत धनवान गायिकेला करावा लागला.

आपल्याकडे अठरा वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार मुळातच टिकत नाही. १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून ही गोष्ट पक्की आहे. त्यामुळे सही पालकांची घेतली जाते, आणि जबाबदारीही त्यांच्यावर येते. गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत, हे पालकांना बहुधा कोणी सांगत नाही. रचना लिहून ठेवताच तिचा स्वामित्वहक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो रचनाकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकाराचा स्वामित्वधनातील समान वाटा अबाधित ठेवला. कराराच्या कागदावर तो सोडून देतो असे लिहून घेतले, तरी ते कायद्यापुढे चालत नाही. चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम आणखी स्पष्ट आहेत: दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. सत्कार, हारतुरे आणि छायाचित्रे यांच्या गर्दीत या वीस टक्क्यांची चौकशी किती घरांत होत असेल?

संतांनी हा प्रश्न आपल्या रीतीने सोडवला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात स्वतःचे नाव गुंफायचे, म्हणजे गाणे कोणाच्याही तोंडी गेले तरी कर्ता हरवत नाही. गोरोबाकाकांचे अभंग आज मोजकेच उपलब्ध आहेत. पण जे आहेत ते त्यांचे म्हणून ओळखता येतात, ते या नाममुद्रेमुळेच. रचनेच्या वहीत तारीख आणि नाव घालण्याची सवय मुलांना लावणे हे त्याच जातीचे काम आहे. त्याला वकील लागत नाही, पाच रुपयांचे पेन पुरते.

२०२१ मध्ये ‘लिटल चॅम्प्स’चे नवे पर्व सुरू झाले, तेव्हा परीक्षणासाठी वाहिनीने त्याच पाचजणांना बोलावले. एकेकाळी ज्यांच्या गुणांवर महाराष्ट्रात वाद झाले होते, ती मुले आता गुण देण्याच्या आसनावर होती. कार्तिकी होती, प्रथमेश, मुग्धा आणि आर्या होत्या, आणि लातूरचा रोहितही होता. समोर माइकची उंची कमी करून घेणारी नवी मुले उभी होती.