धावपट्टी बांधली, जबाबदारी कोणाची?

घोडबंदर रस्त्यावर खड्डा पडला की तो कोणत्या खात्याचा, हा वाद आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असल्या टोलवाटोलवीला चाप लावला. सुरक्षित रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरवून, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. आमचा प्रश्न असा की, जो न्याय रस्त्याला तोच विमानाच्या धावपट्टीला का नको?

२८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीला उतरताना लिअरजेट विमान कोसळले. उपमुख्यमंत्री अजित पवार, त्यांचा सुरक्षारक्षक, एक विमानसेविका आणि दोन वैमानिक असे पाच जण मृत्युमुखी पडले. केंद्र सरकारच्या निवेदनानुसार, पहिल्या खेपेस वैमानिकाला धावपट्टी दिसली नाही. दुसऱ्या खेपेस ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरण्याची परवानगी मिळाली, पण विमानातून तिची पोच आली नाही. पुढच्याच मिनिटाला ज्वाळा दिसल्या.

अपघाताचे कारण ठरविणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. परंतु त्याच निवेदनातील दोन गोष्टींसाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक, बारामती हा 'अनियंत्रित' तळ; तेथे वैमानिकांना माहिती देत होते ते उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक व वैमानिक. दोन, दृश्यता सुमारे तीन हजार मीटर सांगितली गेली होती; नजरेच्या भरवशावर उडण्यासाठी साधारण नियम पाच हजार मीटरचा आहे.

विमानाचा रेडिओ बंद पडला तर वैमानिक ७६०० हा सांकेतिक आकडा लावतो आणि मनोऱ्यातील दिव्याकडे पाहतो. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे घिरट्या घालत राहा. पण जेथे नियंत्रकच नाही, तेथे हा दिवा दाखविण्यास कायद्याने बांधलेला माणूस कोण?

रेडिओवरचे एक वाक्य हुकले तर काय होते, हे जगाने २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या छोट्या विमानतळावर पाहिले. धुक्यात दोन संदेश एकाच क्षणी एकमेकांवर आदळले, शब्द कर्कश आवाजात बुडाले आणि दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. तेथे तर नियंत्रक हजर होते!

बारामती परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली होती. त्यांत मंत्री नव्हते, शिकणारी मुले होती. इशाऱ्याचे वजन आत बसलेल्याच्या पदावरून ठरते काय?

जिल्ह्याजिल्ह्यात विमानतळ व्हावेत, यास आमचा विरोध नाही. फीत कापण्यापूर्वी तीन गोष्टी व्हाव्यात : प्रवासी अथवा भाड्याचे विमान उतरणार असेल त्या वेळी पात्र नियंत्रक, दृश्यता मोजणारी उपकरणे, आणि पर्यायी रेडिओसह प्रत्येक संभाषणाची नोंद. हे जमत नसेल तर त्या तळावर अशा विमानांना परवानगीच देऊ नये. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. कायदा नवा झाला. आता त्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पदही स्पष्ट लिहा. जबाबदारीच ठरली नसेल, तर कलम २१ कोणाच्या दारात मागायचे?