पैसे कटल्याचा मेसेज आणि पहिले तीन दिवस

बोईसर-तारापूरकडच्या कित्येक घरांत एटीएम कार्ड एकाकडे आणि मोबाइल दुसऱ्याकडे असतो. न केलेल्या खरेदीचे पैसे कटल्याचा मेसेज येतो तेव्हा घरचा माणूस एमआयडीसीत शिफ्टवर असतो. मग ‘सुट्टीच्या दिवशी बँकेत जाऊ’ म्हणत आठवडा निघून जातो.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या दिवसांचाच हिशेब धरते. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे आणि मेसेज मिळाल्यावर कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवले, तर एक रुपयाही तुमच्या माथी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत, मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपयांपर्यंत झळ बसते. त्यानंतर बँकेचे धोरण म्हणेल ते. बँकेची स्वतःची चूक असेल, तर कळवले नसले तरी भरपाई तिचीच. तक्रारीनंतर कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, असेही त्यात आहे.

ओटीपी सांगून बसलेल्या भगिनी घरच्यांच्या भीतीने गप्प राहतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. ओटीपी दिला तरी कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते. म्हणून आधी कार्ड बंद करा, १९३० वर फोन करा. घरचे बोलणे नंतर खाऊ.

काउंटरवर ‘ओटीपी पडला म्हणजे तुम्हीच दिला’ असे ऐकवतात. ते सिद्ध करणे बँकेचे काम आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे एका कंपनीच्या खात्यातून गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये बँकेला परत करायला लावले. त्या कंपनीने तक्रार लगेच केली होती.

तोंडी सांगून येऊ नका. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. तीच सवय इथे कामी येते. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, फोन केला तर तक्रार क्रमांक टिपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

एटीएममधून नोटा न येता पैसे कटले, तर प्रकरण वेगळे. ५ दिवसांत रक्कम परत आली नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता मिळायला हवी. पासबुक भरून आणाल तेव्हा ती जमा झाली का ते पाहा.