‘ढ’ कोणास म्हणावें?

मराठी शाळेंत मागें पडणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हणण्याची चाल फार जुनी आहे. तिची उपपत्ति अशी सांगतात कीं, अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरांनीं आपलें रूप पालटलें, परंतु ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो विद्यार्थी वर्षानुवर्षें जागचा हलत नाहीं तो ‘ढ’. उपपत्ति खरी असो वा खोटी, विनोद मार्मिक आहे यांत संशय नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, जागचें न हलण्याचा हा मान आपण भलत्यालाच देत आलों आहों. ज्याला बुद्धि आहे, जिज्ञासा आहे, ऐकलेली गोष्ट जो बारकाव्यासह सांगतो, पण छापील ओळ पुढें येतांच ज्याची जीभ अडखळते आणि वहींत ज्याच्या वेलांट्या जागा सोडून पळतात, त्या मुलास आपण हें नांव ठेवतों व निश्चिंत होतों.

या अवस्थेला इंग्रजींत डिसलेक्सिया म्हणतात. मराठींत वाचनवैकल्य म्हणतां येईल. ही कालपरवां निघालेली टूम आहे असा पुष्कळांचा समज आहे. तो निराधार आहे. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यानें हें नांव १८८७ सालीं योजिलें, तें मेंदूच्या विकारानें वाचनशक्ति गमावलेल्या प्रौढांकरितां. पुढें १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळांत कोणाहून मागें नाहीं, सातव्या वर्षापासून त्याच्यामागें शिक्षक लागलेले. तरी साधे शब्दही त्यास वाचतां येत नसत. आंकडे मात्र तो बिनचूक वाची. त्याच्या शिक्षकाचें मत असें होतें कीं, सगळें शिक्षण तोंडी दिलें असतें तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरता.

त्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें संशोधन चाललें आहे, आणि त्याचा मुख्य निष्कर्ष असा: बहुतेक ठिकाणीं दोष डोळ्यांत नसतो, आळसांत नसतो, आईबापांच्या लाडांतही नसतो. उच्चारलेल्या शब्दांतील सुटे ध्वनि ओळखून त्यांची अक्षरांशीं सांगड घालण्याचें जें काम मेंदूस करावें लागतें तें या मुलांस जड जातें. आणि ही अडचण पुष्कळदां घराण्यांत उतरते. बोलणें मूल ऐकतां ऐकतां शिकतें. वाचणें शिकविल्यावांचून सहसा येत नाहीं. मनुष्यजातीच्या आयुष्यांत लिपि ही कालची गोष्ट आहे. ती एखाद्यास सहज वश झाली नाहीं म्हणून त्याच्या बुद्धीविषयीं निकाल देणें, हें पोहतां येत नाहीं म्हणून एखाद्यास पांगळा म्हणण्यासारखें आहे.

यावर आमच्या भाषाभिमानी मित्रांचें म्हणणें असें कीं, हें दुखणें इंग्रजीचें आहे. आमची देवनागरी बोलावी तशीच लिहिली जाते, तेव्हां मराठी मुलास ही बाधा कशी व्हावी? मित्रांनीं ‘किती’ हा शब्द एकवार नीट पाहावा. त्यांतील पहिली वेलांटी ‘क’च्या आधीं उभी आहे आणि तिचा उच्चार ‘क’च्या मागून होतो. ‘सूर्य’ या शब्दांतील ‘र’ उच्चारांत ‘य’च्या आधीं येतो व लिहितांना ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’चे उच्चार दोन व अक्षर एक. यांत जोडाक्षरांची भर घाला, म्हणजे सहा वर्षांच्या मुलापुढें आपण काय मांडून ठेवतों हें कळेल. २००१ सालीं इंग्रज, फ्रेंच व इटालियन वाचकांची तुलना करणारें संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं, इटालियन लिपि नियमित असल्यामुळें तेथील वाचनवैकल्याचे लोक इतर दोघांपेक्षां बरें वाचतात. पण वाचतांना मेंदूंत जें न्यून दिसतें तें तिघांतही एकच. लिपीच्या सरळपणानें दुखणें झांकलें जाईल, नाहींसें होणार नाहीं.

आतां शुद्धलेखनाकडे वळूं, कारण ‘ढ’पणाचा मुख्य पुरावा म्हणून तेंच पुढें करण्यांत येतें. ज्या मोडी लिपींत पेशव्यांच्या दफ्तरांतील कागद लिहिले गेले तींत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळीत नसत. म्हणून नाना फडणिसांचे कारकून मंदबुद्धि होते असें कोणीं म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ज्या अनुस्वारांपायीं आमच्या वडील पिढीचे गुण कापले गेले त्यांतील बहुतेक अनुस्वार १९६२ सालच्या नियमांनीं रजा देऊन घरीं पाठविले. आम्ही ते अद्यापि हट्टानें देतों, हें वाचकांस दिसतच आहे. आजच्या नियमांप्रमाणें या लेखाची जवळजवळ प्रत्येक ओळ अशुद्ध आहे. तरी आमचे संपादक त्यास ‘जुनें वळण’ म्हणून मान देतात. नियम मोडणारा प्राध्यापक असला म्हणजे तें वळण, आणि दहा वर्षांचें मूल असलें म्हणजे तो अपराध, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

याहून कडू आक्षेप असा कीं, सवलती म्हणजे लबाडीस राजमान्यता. महाराष्ट्र शासनानें १९९६ सालीं अशा मुलांस शालान्त परीक्षेंत सवलती देऊं केल्या. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेपासून सूट असें त्यांचें सामान्य स्वरूप. जादा वेळ दिल्यानें कोणावर अन्याय होतो, हें आक्षेपकांनीं एकदां सांगावें. इतिहासाची परीक्षा जर इतिहासाच्या ज्ञानाची असेल, तर अर्धा तास अधिक मिळाल्यानें न येणारें उत्तर येऊं लागत नाहीं. आणि ती जर हाताच्या वेगाची असेल, तर तिला इतिहासाची परीक्षा म्हणण्याचें सोडून द्यावें.

हें आम्ही दुसऱ्यांस शिकविण्यापूर्वीं आमचाच हिशेब देणें योग्य होईल. कित्येक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. तो प्रश्न विचारी तेव्हां आम्हांस घरीं जाऊन पुस्तक पुन्हां उघडावें लागे. त्याची उत्तरपत्रिका मात्र पाहवत नसे. वाक्यें अर्धीं, शब्दांतील अक्षरें मागेंपुढें. आम्हीं तींवर तांबड्या शाईनें लिहिलें: ‘लिहिण्याकडे लक्ष द्या’. पुढच्या वर्षीं त्यानें महाविद्यालय सोडलें. त्या तीन शब्दांमुळेंच सोडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांनीं त्यास धरून ठेवलें नाहीं एवढें खास. लक्ष देण्याचें काम त्याचें नसून आमचें होतें, हें आम्हांस फार उशिरां समजलें.

येथवर आम्ही विरोधकांशीं बोललों. आतां आमच्याच पांढरपेशा वर्गाशीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. २००७ सालीं ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट पाहून आपण सर्वांनीं रुमाल भिजविले. त्या अश्रूंचें फळ काय? मूल नववींत गेलें, गुण घसरले, कीं धांवपळ करून चांचणी करावयाची, प्रमाणपत्र मिळवावयाचें, दहावीचा घाट चढून जावयाचा, आणि मग तो कागद कपाटाच्या तळाशीं ठेवून नातेवाइकांपुढें चकार शब्द काढावयाचा नाहीं! आठ वर्षें जें मूल रोज वर्गांत अपमान गिळीत होतें त्याच्या हातीं शेवटच्या घटकेस आपण एक दाखला देतों. हें निदान नव्हे. ही शवपरीक्षा आहे.

चांचणी ही कल्पना मुळांत अशी नव्हती. आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं पॅरिसमध्यें आपली कसोटी तयार केली ती, सामान्य शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांच्या शिक्षणाची निराळी सोय करतां यावी एवढ्याच हेतूनें. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं १९३०च्या दशकांत बिनेची कसोटी कानडी व मराठी मुलांकरितां रूपांतरित केली. म्हणजे मराठी मुलास मराठींतच तपासावें हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वींच रुजला होता. मापन आधीं, शिकवणी लगेच, आणि दोन्ही मुलाच्या भाषेंत, हा मूळ धर्म. पुढें मापन तेवढें उरलें व शिकवणी गळाली.

आणि येथें आम्हांस या लेखाच्या आरंभींचें आमचें एक वाक्य मागें घ्यावें लागतें. ‘ज्याला बुद्धि आहे’ त्या मुलाचीच बाजू आम्हीं तेथें घेतली. पुष्कळ वर्षें तज्ज्ञांचीही रीत हीच होती: बुद्ध्यंक चांगला आणि वाचन मात्र कच्चें, तरच वाचनवैकल्य, बुद्ध्यंकही बेताचा असला तर मूल नुसतेंच मंद. ही विभागणी टिकली नाहीं. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या प्रतिमांवरील संशोधनांत, बुद्ध्यंक अधिक असो वा कमी, वाचनांत अडणाऱ्या मुलांच्या मेंदूंत ध्वनि उलगडतांना एकाच प्रकारचें न्यून आढळलें. अमेरिकन मानसोपचार संघटनेनेंही २०१३ सालच्या आपल्या निदानग्रंथांतून ही तफावतीची अट वगळली. तेव्हां ‘माझा मुलगा ढ नाहीं, त्याला डिसलेक्सिया आहे’ असें जें आपण अभिमानानें सांगतों, त्यांत शेजारच्या बाकावरील मुलास ‘ढ’ ठरवून मोकळे होतों. वाचावयास शिकविण्याची गरज दोघांसही सारखीच आहे.

कायदा याबाबतींत आपल्या पुढें आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमानें विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केलीच. शिवाय त्याच्या सोळाव्या कलमानें ही अक्षमता शक्य तितक्या लवकर हुडकून तींवर योग्य शैक्षणिक उपाय करण्याचें काम शिक्षणसंस्थांकडे दिलें आहे. लवकर, आणि शैक्षणिक उपाय! प्रमाणपत्र हा शब्द तेथें नाहीं. २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांनीं शिक्षकांनीं तिसरींत किंवा आठव्या वर्षीं प्राथमिक पाहणी करावी असें सांगितलें. साधनेंही अगदींच नाहींत असें नाहीं: मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें सिद्ध केलेली ‘डाली’ ही चांचणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्या भाषांत मराठी आहे.

मग अडतें कोठें? अडतें तें वर्गांत. ज्या गुरुजींनीं तिसरींत मूल ओळखावयाचें त्यांस तें कसें ओळखावें हें कोणी नीट शिकवीत नाहीं. इंग्रजी शाळेंतील मराठी घरच्या मुलाची चांचणी इंग्रजींत घेतली, तर त्याचें न्यून वाचनाचें कीं परक्या भाषेचें हें कळणार कसें? आणि खेड्यांतील शाळेंतलें मूल शहरांतल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोंचतच नाहीं. तें मुकाट्यानें शाळा सोडतें व आपण त्यास गळती म्हणतों. आमची मागणी म्हणून साधी आहे. अध्यापक-विद्यालयांत या विषयास पाठभर नव्हे तर वर्षभर जागा द्यावी. पाहणी मुलाच्या भाषेंत व तिसरीच्या आंत व्हावी. चांचणीच्या अहवालाचें शेवटचें पान पालकांस अमुक टक्के अक्षमता सांगण्यांत न संपतां, उद्यां सकाळीं वर्गांत गुरुजींनीं काय करावें हें सांगणारें असावें: कोणते ध्वनि आधीं, किती हळू, किती वेळां, बोटानें गिरवून कीं मोठ्यानें म्हणून. असें क्रमवार व उघड शिकविल्यानें ही मुलें वाचूं लागतात. सगळीं सारख्या वेगानें नव्हेत, पण लागतात.

हें होईपर्यंत ‘ढ’ हें अक्षर कोणास लावावयाचेंच झालें, तर तें मुलांस लावूं नये. अक्षर शिकविण्याची जी शाळा कायदा बदलला, शास्त्र बदललें, लिपीचे नियम बदलले, तरी होती तेथेंच बसून आहे, तिच्या दारावर तें शोभेल.