चार वादकांचा वेळ आणि नगरपालिकेचा खर्च

अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या डोंगराळ मुलखात मार्लबरो येथे १९५१ साली एक उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. तिच्या संस्थापकांत ॲडॉल्फ बुश व रुडॉल्फ सर्किन हे प्रमुख होते. हिटलरशाहीमुळे दोघांनाही युरोप सोडावा लागला होता. तीन-चार वादकांनी एका खोलीत बसून वाजवावयाचे संगीत तेथे शिकले जाते. मुरलेले वादक आणि विशीतले तरुण आठवडेच्या आठवडे एकत्र सराव करतात, आणि अभ्यासलेल्या रचनांपैकी थोड्याच श्रोत्यांपुढे येतात. कार्यक्रम हे तेथे साध्य मानलेले नाही.

त्याच सुमारास, १९४९ साली, कल्याणजवळच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमधील निर्वासितांनी बराकींतून कारखाने आणि बाजार उभे केले. भगतांचे गाणेही त्यांनी बरोबर आणले होते. ते पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरविणे हे मात्र शासनाने कधी आपले काम मानले नाही.

आज अंबरनाथला इ.स. १०६० च्या शिवमंदिराच्या परिसरात कलामहोत्सव भरतो. भव्य व्यासपीठ, प्रकाशझोत, ध्वनिक्षेपक, नामवंत पाहुणे. (शेजारची वालधुनी रासायनिक सांडपाण्याने काळवंडली आहे, तो विषय वेगळा.) लोकांना चांगले गाणे ऐकावयास मिळते, याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न वर्षातील उरलेल्या दिवसांचा आहे.

या प्रश्नाचे मूळ अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की कारखान्यात यंत्रामुळे दरडोई उत्पादन वाढते, पण दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो यांसाठी लिहिलेली रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वी चार माणसांचा जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. इतरत्र वेतन वाढते, त्याबरोबर कलावंताचेही वाढावे लागते, आणि अशा संगीताचा खर्च सतत चढत जातो. आपल्या बैठकीच्या गाण्यालाही हेच लागू आहे. पन्नास श्रोत्यांपुढे विलंबित ख्याल दुप्पट वेगाने गाऊन उत्पादकता वाढत नाही. बाजारपेठेने यावर एकच उपाय शोधला: ध्वनिक्षेपक लावून पन्नासांचे पन्नास हजार करणे. शिकविण्याला तोही लागू पडत नाही. तंबोरा जुळविणे एकेका विद्यार्थ्याच्या कानाशी बसूनच शिकवावे लागते.

पूर्वी हा भार संस्थानिक उचलीत. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबाराचा आश्रय होता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी मात्र ५ मे १९०१ रोजी लाहोरला सर्वांना खुले असे गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकाश्रयाच्या बळावर. संस्थाने गेली. त्यांची जागा लोकनियुक्त संस्थांनी घ्यावयास हवी होती, ती प्रायोजकांनी घेतली.

डाव्या चळवळीचा हातही येथे स्वच्छ नाही. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक असो वा अमर शेख-अण्णाभाऊंचे लाल बावटा कलापथक, या परंपरेने मैदान जिंकले, आणि ते मोठेच काम होते. पण शांतपणे ऐकावयाचे संगीत ‘वरच्या वर्गाचे’ म्हणून सोडून दिल्याने ते खरोखरच वरच्या वर्गाचे झाले. बदलापूरहून मुंबईला जाण्यायेण्यात रोज तीन तास घालविणाऱ्या कामगाराला दक्षिण मुंबईतील सभागृह सोयीचे नाही. त्याच्या मुलीला सतार शिकावीशी वाटली, तर खाजगी शिकवणीची फी आडवी येते.

वस्तुतः कायदा अनुकूल आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरावर असल्यास, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका यांच्या हद्दीतील किती शाळांत असे निदेशक आहेत आणि त्यांना महिन्याला काय मिळते, ही माहिती कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात शाळावार मागवावी. मे महिन्यात शाळांचे वर्ग रिकामे असतात. चंदेरीच्या पायथ्याशी तीन आठवड्यांचे संगीत शिबिर भरविण्यास त्या खोल्या, काही तंबोरे, तबल्याच्या जोड्या आणि चार-पाच शिक्षकांचे रास्त मानधन एवढेच लागेल. सिंधी भगत येणारा कोणी भेटला, तर त्यालाही शिक्षक म्हणूनच बोलवावे आणि तेवढेच मानधन द्यावे. पालिकांचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरते. मागणी त्याआधी, आकड्यांसह, सभागृहात जावयास हवी.