चौपन्न वेळा चढा, एव्हरेस्ट गाठा
(सदर : पायपीट)

गेल्या अंकात आम्ही सहज लिहून गेलो की सिंगापुरात डोंगर नाहीत, आणि मंडळातल्या डोंगरवेड्यांनी आम्हाला चांगलेच धारेवर धरले. वुडलँड्सचे काका म्हणाले, "अहो, जिथे पत्ता विचारावा तिथे बुकित! बुकित बातोक, बुकित पांजांग, बुकित मेरा. बुकित म्हणजे मलयमध्ये डोंगर. आणि तुम्ही म्हणता डोंगर नाहीत?"

काकांचे म्हणणे खरे आहे. पण आमचेही अगदी खोटे नाही. ईस्ट कोस्टच्या वहिनींचेच पाहा. त्यांना वाटते आपण समुद्रकिनारी राहतो. वस्तुतः बेडोककडच्या टेकड्या कापून त्यांची माती समुद्रात भरली आणि त्यावर ईस्ट कोस्टची नवी जमीन उभी राहिली. म्हणजे वहिनी रोज संध्याकाळी डोंगरावरूनच फिरतात, फक्त तो डोंगर आडवा झोपवलेला आहे!

उभा राहिलेला त्यातल्या त्यात उंच म्हणजे आपला बुकित तिमा. शिखरावर एक मोठा दगड आहे, त्यावर उंची लिहिली आहे : १६३.६३ मीटर. ती ६३ सेंटिमीटरही सोडलेली नाहीत, यावरून डोंगराची टंचाई लक्षात यावी. आपल्याकडे कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे बुकित तिमाच्या दहापट. पण नाव ठेवण्याआधी एक सांगतो. १८५४ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा निसर्गअभ्यासक इथे राहिला आणि एवढ्याशा जंगलात त्याला दोनेक महिन्यांत भुंगेऱ्यांच्या सुमारे सातशे जाती सापडल्या. आम्हाला दहा वर्षांत फक्त माकडे सापडली. अर्थात, ती आम्हाला सापडली की आम्ही त्यांना, हा वादाचा मुद्दा आहे.

आमच्या रविवारच्या कंपूची ओळख करून द्यायला हवी. वुडलँड्सचे काका हे नेते, कारण त्यांच्याकडे शिट्टी आहे. बुकित बातोकचे भाऊ हे हिशेबनीस. आमच्या सौ. अन्नमंत्री. आम्ही आणि आमचे चिरंजीव (वय १४, सेकंडरी टू) हे हमाल. वेळ सकाळी सात. प्रत्यक्षात साडेसात, कारण आपण कुठेही गेलो तरी आपले घड्याळ पुण्याचे किंवा ठाण्याचेच असते.

भाऊंनी एकदा चढता चढता हिशेब मांडला. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर. बुकित तिमा चौपन्न वेळा चढले की ८,८३६ मीटर होतात. उरले बारा-तेरा मीटर. "ते आमच्या ब्लॉकचे चार-पाच मजले," भाऊ म्हणाले, "लिफ्ट बंद असेल त्या दिवशी उरकून टाकू." काकांनी शिट्टी वाजवून हरकत घेतली. उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि आपण चढायला सुरुवात करतो ती समुद्रातून नव्हे, तेव्हा चौपन्न वेळा पुरणार नाही. या मुद्द्यावर वर पोचेपर्यंत वाद झाला. त्याचा फायदा असा झाला की सुरुवातीची ती उभी डांबरी चढण, जिच्यावर एरवी आमची वाचा जाते, ती कधी संपली ते कळलेच नाही.

पण मंडळी, हा हिशेब नुसता थट्टेचा नाही. १९९८ साली सिंगापूरची पहिली एव्हरेस्ट मोहीम गेली. या सपाट, घामट बेटावर त्यांनी सराव कुठे करावा? पाठीवर ओझे घेऊन उंच इमारतींचे जिने चढत, आणि याच टेकडीवर वर-खाली करत. २५ मे १९९८ रोजी एडविन स्यू आणि खू स्वी चिओ शिखरावर पोचले. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १८ मे १९९८ रोजी, आपले सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोचले होते. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची ती मोहीम. एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे चव्हाण हे पहिले महाराष्ट्रीय. म्हणजे आपले जुने घर आणि नवे घर एकाच महिन्यात, सात दिवसांच्या अंतराने, एकाच शिखरावर जाऊन आले.

यात आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. इथून गेलेले ते दोघे जन्माने मलेशियाचे, त्या वेळी इथले पी. आर. मग कुरबूर झालीच, की हे खरे सिंगापूरचे यश म्हणावे का? आम्ही हे वाचले तेव्हा हसू आले आणि थोडे टोचलेही. आपल्यातही अनेकांचे तेच आहे. गावी गेलो की "तुम्ही काय, परदेशातले," आणि इथे "तुम्ही मूळचे कुठले?" आम्ही ठरवले आहे की डोंगर चढताना कोणी विचारले तर "खालचे" असे उत्तर द्यायचे.

मोहिमेचे नेते डेव्हिड लिम यांना परतल्यावर थोड्याच दिवसांत गियां-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार झाला आणि त्यांना अंथरुणाला खिळावे लागले. त्यातून उठून ते पुन्हा डोंगरांवर गेले. हे आम्ही गुडघेदुखीचे कारण सांगून रविवार बुडवणाऱ्या सभासदांसाठी मुद्दाम लिहीत आहोत. नावे छापत नाही. त्यांना कळले असेल.

आता पावसाविषयी. इथे वर्षाला सरासरी २,११३ मिलीमीटर पाऊस पडतो, साधारण १७१ दिवसांत विभागून. मुंबईतही साधारण एवढाच, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे आपल्याकडचा पाऊस पाहुण्यासारखा येतो, चार महिने मुक्काम ठोकतो आणि पुन्हा वर्षभर तोंड दाखवत नाही. इथला शेजाऱ्यासारखा. केव्हाही डोकावतो, पंधरा मिनिटे बसतो, जातो, आणि आपण छत्री मिटली की काहीतरी विसरल्यासारखा परत येतो.

त्यामुळे आपल्या कंपूत पावसाचे दोन पंथ आहेत. एक छत्रीपंथी आणि एक पोंचोपंथी. छत्रीवाल्यांची छत्री पायवाटेवरच्या वेलींत अडकते. पोंचोवाले बाहेरून कोरडे आणि आतून घामाने चिंब. सौ.चा तिसरा पंथ आहे. त्या नुसत्या भिजतात आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवतात. आम्हाला हाच सर्वांत शहाणा वाटतो. मात्र पिशव्या सॅकच्या तळाशी हव्यात. हातातली पिशवी दिसली की इथल्या माकडांना ती खाऊचीच वाटते. एकदा एका दांडग्या माकडाने काकांच्या हातातला बेसनाचा लाडूचा डबाच पळवला. वन्यप्राण्यांना खायला घालणे हा २०२० पासून इथे सरसकट गुन्हा आहे. काका घामाघूम. "हे खायला घालणे झाले की चोरी झाली?" भाऊ म्हणाले, "चोरीच. पण त्याने दुसरा लाडू मागितला तर मात्र वकील बघावा लागेल."

इथवर हसलात. आता जरा वेगळे सांगायचे आहे.

गेल्या जुलैत आम्ही सहकुटुंब गावी गेलो होतो. चिरंजीवांना सह्याद्रीतला पाऊस दाखवायचा हे आमचे जुने स्वप्न. लोणावळ्याहून राजमाचीला निघालो. तीच चाल, तेच धुके, पायाखाली तोच लाल चिखल. चिरंजीव दर अर्ध्या तासाने विचारत होते, "बाबा, पुढची शेड कुठे आहे?" आम्ही सांगितले, "शेड नाही. डोके आहे, ते पुढे घाल." आम्ही कॉलेजात असताना हंटर बूट घालून या वाटेवर किती वेळा आलो, कुठला ओढा कुठून उडी मारून ओलांडला, याच्या कथा आम्ही त्याला ऐकवत होतो. दर कथेत ओढा थोडा रुंद होत होता.

आणि मग तो ओढा आलाच. तांबडे पाणी, फार खोल दिसत नव्हते. मांडीपर्यंत असावे. चिरंजीव म्हणाले, "तुम्ही ओलांडायचात ना? मग चला." आम्ही बुटाच्या नाड्या आवळल्या. सौ. काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मुलाची सॅक मागून घट्ट धरली.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेले एक म्हातारे गृहस्थ हातवारे करत होते. "दादा, थांबा! वर लई लागलाय. पानी येतंय." आम्ही ओरडून म्हणालो, "मामा, एवढ्या पाण्यातून आम्ही पूर्वी जायचो!" ते म्हणाले, "तवा गेला आसाल. आत्ता बसा."

खरे सांगतो, आम्हाला राग आला. मुलासमोर कोणी "बसा" म्हणावे? पण बसलो. दहा मिनिटेही झाली नसतील, पाण्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, ती घरघर झाली. आम्ही जिथे पाय टाकणार होतो तो खडक दिसेनासा झाला आणि एक मनगटाएवढी नव्हे, चांगली मांडीएवढी जाड फांदी आमच्यासमोरून काडीसारखी वाहत गेली. कोणीच बोलले नाही. चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले. त्या नजरेचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

आम्ही त्या दिवशी राजमाची न पाहता परत फिरलो. मामांचे आभार मानायला पलीकडे जाताच आले नाही. दोन्ही हात जोडून लांबूनच नमस्कार केला. त्यांनी नुसता हात हलवला, जसे काही गाई हाकलतात तसा.

त्यानंतरची गोष्ट डिसेंबरातली. आमचे वडील, म्हणजे चिरंजीवांचे आजोबा, तीन महिने इथे राहायला आले होते. वय ७६. एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. तीन महिने ते रोज आमच्या ब्लॉकचे जिने चढत होते, पहिल्या आठवड्यात दोन मजले, शेवटी अकरा. कशासाठी? तर बुकित तिमाच्या त्या दगडाला हात लावायचा. "कळसूबाई तीनदा झाली. ही पोरगी राहिली," असे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचे परतीचे विमान होते.

निम्म्याहून जास्त चढलो. आजोबांच्या हातात काठी, पुढे चिरंजीव, मागे आम्ही. काका दर वळणावर थांबून शिट्टी न वाजवता वाट पाहत होते, यावरून प्रसंगाचे महत्त्व समजावे. शिखर दहा-पंधरा मिनिटांवर राहिले आणि आभाळ काळे झाले. पहिला गडगडाट झाला. या बेटावर वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस विजा कडाडतात, आणि शिखरावर तर दूरसंचाराचा उंच मनोराही आहे. आम्ही घुटमळलो. दहा मिनिटे! तीन महिन्यांचे जिने! उद्याचे विमान! आमच्या तोंडून निघूनच गेले, "पटकन जाऊन येऊ या."

चिरंजीव थांबले. म्हणाले, "बाबा, आत्ता बसा."

मामांचेच शब्द, मामांच्याच आवाजात. आजोबांना काही कळले नाही, पण ते आमच्या चेहऱ्याकडे आणि मग नातवाकडे पाहून हसले. काठी वळवली आणि म्हणाले, "चला. पोराचे बरोबर आहे. डोंगर कुठे पळून जातो?"

भाऊ बेडोकच्या कापलेल्या टेकड्यांविषयी काही बोलणार होते. वहिनींनी त्यांना चिमटा काढला. आणि तसेही हा डोंगर पळणार नाही. १८८३ पासून हे राखीव जंगल आहे. अतिवर्दळीने वाटा झिजल्या म्हणून २०१४ ते २०१६ दोन वर्षे तो दुरुस्तीसाठी बराचसा बंद ठेवला, पण कापला नाही.

खाली पोचतो तोच असा कोसळला की पलीकडचे झाड दिसेना. अभ्यागत केंद्राच्या छपराखाली सौ.नी थर्मास उघडला. आल्याचा चहा आणि साबुदाण्याची खिचडी. आजोबा नातवाला म्हणाले, "तुझ्या बापाला एवढी अक्कल यायला पस्तीस वर्षे लागली असती." आम्ही मान्य केले. पस्तीस कमीच आहेत.

आजोबा पुण्याला गेले. फोनवर सांगतात, अजून जिने चढतो आहे, पुण्यात लिफ्ट आहे पण वापरत नाही. आजवरच्या चौपन्नपैकी आमच्या खात्यावर तेरा चढाया जमा आहेत. तो रविवार भाऊंनी हिशेबात धरला नव्हता, कारण शिखर झाले नाही. आम्ही तो धरायला लावला आहे. कंपूत मतदान झाले आणि काकांनी शिट्टी वाजवून निकाल दिला.

पुढची चढाई येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. सकाळी सातला, हिंडेड ड्राइव्हच्या प्रवेशद्वाराशी. ब्यूटी वर्ल्ड स्टेशनवरून चालत येता येते. पाणी स्वतःचे, कोरडे कपडे सॅकच्या तळाशी, लाडू झाकून. गडगडले की परत फिरायचे. त्यावर वाद चालणार नाही, चहा मात्र मिळेल.