पाण्याला एकवचन नाही

संस्कृतात पाण्याचा वाचक जो ‘अप्’ शब्द, तो नित्य स्त्रीलिंगी व नित्य बहुवचनी आहे. त्यास एकवचनच नाही. वैयाकरणांच्या मनात काय होते ते असो. परंतु ज्या काळात प्रत्येक गाव ‘आमचे पाणी’ म्हणून भांडावयास उभे राहते, त्या काळात हा नियम व्यवहारातही घोकण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

पारगाव नावाची गावे जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आहेत. आमचे पारगाव आंबेगावातले, घोड नदीच्या खोऱ्यातले. खोरे म्हणजे काय हे मुलांस सांगावयाचे झाल्यास आपल्या कौलारू घराकडे बोट दाखवावे. आढ्यावर पडलेला एक थेंब पुढल्या पन्हळीत जातो, शेजारचा मागल्या पन्हळीत. सह्याद्रीचा माथा हे असेच आढे होय. नाणेघाटाच्या पश्चिमेस पडलेले पाणी कोकणात उतरते; पूर्वेस पडलेले कुकडीत, कुकडीतून घोडेत, घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. या वाटेवर तालुक्याची, जिल्ह्याची वा राज्याची शीव पाणी ओळखीत नाही. म्हणून पाण्याचा हिशेबही शिवेप्रमाणे न मांडता खोऱ्याप्रमाणे मांडावा, हा एकात्मिक नियोजनाचा मूळ विचार. अमेरिकेत टेनेसी नदीसाठी १९३३ साली आणि आपल्याकडे दामोदर नदीसाठी १९४८ साली स्वतंत्र मंडळे स्थापन झाली, ती याच विचाराने.

आमच्या परिसरात या विचाराचे उदाहरण म्हणजे कुकडी प्रकल्प. कुकडीवर माणिकडोह व येडगाव, मीनेवर वडज, घोडेवर डिंभे आणि उत्तरेस पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे एका सूत्रात ओवलेली आहेत. त्यांत डिंभे सर्वांत मोठे, सुमारे १३.५ अब्ज घनफुटांचे. वडज एक अब्जाच्या थोडे वर. येडगाव हा जणू घरातला मधला हौद. वरच्या धरणांतून पाणी तेथे यावे आणि तेथून निघालेल्या सुमारे २५० किलोमीटरांच्या डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व थेट करमाळ्यापर्यंत पोहोचावे, अशी ही रचना.

कागदावर सोपी दिसणारी ही रचना माणसांस मात्र जड जाते. डिंभे भरते, माणिकडोह अनेक वर्षी पुरते भरत नाही. म्हणून डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यावे, असा प्रस्ताव आला आणि आंबेगाव तालुक्यात विरोध उठला. बोगद्याचे तोंड खालच्या पातळीस ठेवल्यास डिंभे रिकामे होईल, ही इकडची धास्ती. कालव्याच्या शेपटाशी पाणी पोहोचतच नाही, हे तिकडचे गाऱ्हाणे. दोन्ही खरी आहेत. ज्या गावाने तालुक्यास नाव दिले, ते जुने आंबेगावच डिंभ्याच्या जलाशयात बुडाले आहे. धरणाच्या काठावरच्या आदिवासी वाड्यांत उन्हाळ्यात घागरी कोरड्या पडाव्यात आणि डोळ्यांदेखत पाणी खाली जावे, हे कोणत्या न्यायात बसते? पण कर्जताच्या शेतकऱ्याने पाऊस पडत नाही अशा मुलखात जन्म घेतला, हाही त्याचा अपराध नव्हे.

कृष्णेच्या पाण्याविषयी हेच भांडण राज्याराज्यांत झाले. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. डिंभ्याचा प्रत्येक थेंब त्याच हिश्शातला आहे. मग ज्या तर्काने आपण कर्नाटकाशी वाद घालतो, त्याच तर्काने करमाळ्यास उत्तर देता आले पाहिजे.

एकत्र कुटुंबाचे कोठार ज्यांनी सांभाळले आहे, त्यांस यातील मर्म सांगावयास नको. कोठाराची किल्ली एकीच्या कमरेस असली तरी आतले धान्य तिचे एकटीचे नसते. आणि मोजून काढल्याखेरीज ते आषाढापर्यंत पुरत नाही. पाण्याचेही तसेच. आधी धरणाकाठच्या व ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पिण्याची सोय, मग सर्व खोऱ्याच्या पिण्याची, मग शेतीची वाटणी, असा क्रम असावा. बोगदा करावयाचा की नाही आणि केल्यास कोणत्या पातळीस, हे सभेतील आरोळ्यांवर न ठरता पाचही धरणांच्या आवकजावकीचा हिशेब गावोगावच्या चावडीवर लावून ठरावे. २००५ च्या कायद्यांनी राज्याचा एकात्मिक जल आराखडा, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आणि पाणी मोजून देणे या तिन्ही गोष्टी मान्य केल्या आहेत. त्या कागदावरून बांधावर उतरल्या पाहिजेत.

आणि आमच्या गावकऱ्यांस एक शब्द. पारगावात साखर कारखाना आहे, भोवती ऊस आहे, त्याने घरोघर सुबत्ता आली हे कोण नाकारील? परंतु पाटाने सोडून दिलेल्या उसाला लागणारे पाणी आणि ठिबकने दिलेले पाणी यांतील अंतर, हेच आपण खालच्या भावाचे अडवून ठेवलेले पाणी होय. ते वाचविल्यास आपले पीक घटत नाही. असे असता ते वाचवू नये, याचे समर्थन आम्हांस तरी कोणत्याही शास्त्रात सापडत नाही.