यश एकट्याचे नसते

दहावीचा निकाल लागला की आपण मुलाला पेढा भरवतो. पण त्याच्या पाठीशी कोण कोण उभे होते, हे आपण विसरतो.

बाबासाहेबांचेच पाहा. परळच्या चाळीत खोली एकच. रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण पडले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शिफारस केली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

आपल्यापैकी अनेकांच्या घरीही खोली एकच. बीजगणित आपल्याला येत नसेल. पण संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद ठेवणे येते. पोरीच्या हातातले भांडे घेऊन तिथे पुस्तक देणे येते. कॉलेजात जाणाऱ्या ताईने विहारात बसून वस्तीतल्या चार धाकट्यांची गणिते तपासली, तर तिचीही उजळणी होते.

आणि एखादा नापास झालाच, तर त्याला टोचू नये. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला आपणच त्याच्यासोबत शाळेत जावे.